सेव्ह न गमावता जुन्या गेम कार्ट्रिजचा सेल कसा बदलावा

बऱ्याच वर्षांनी जुने कार्ट्रिज कन्सोलमध्ये बसवले. गेम सुरू झाला, पण सेव्ह केलेला खेळ गायब! कार्ट्रिज बिघडलेले नाही, आतला बटणाएवढा सेल संपला आहे.

गेम असतो रॉम चिपमध्ये आणि रॉमला वीज असली-नसली तरी फरक पडत नाही. सेव्ह मात्र त्या काळी बहुधा एसरॅम नावाच्या चिपमध्ये ठेवत. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एकमेकांना धरून ठेवणारी ट्रान्झिस्टरची जोडी. वीज तुटली की पकड सुटते. डीरॅम नावाची दुसरी मेमरी चिप स्वस्त होती, पण तिच्यातला विद्युतभार गळत राहतो आणि दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. एवढा खर्च बटण-सेलला झेपणारा नाही. एसरॅम मात्र नुसती जागी ठेवायला एखाद-दोन मायक्रोअँपिअर पुरतात, म्हणून एकच सेल पंधरा-वीस वर्षे चालतो. १९८७ साली अमेरिकेत आलेले ‘द लेजंड ऑफ झेल्डा’चे सोनेरी कार्ट्रिज याच युक्तीवर चालायचे.

थोडक्यात, सेव्ह सेलमध्ये नसतो. सेल फक्त चिपला जागे ठेवतो. सेल काढला की सेव्ह गेला. पुढचा सगळा क्रम यावरूनच ठरतो.

१. आधी सेव्हची प्रत काढा. सेल अजून तग धरून असेल तर कार्ट्रिज वाचणारे यूएसबी उपकरण मिळवा आणि सेव्हची फाइल संगणकावर उतरवून घ्या. फाइल दोनदा उतरवा आणि दोन्ही तंतोतंत जुळतात का ते पाहा. संपर्कपट्ट्यांवर मळ असेल तर वाचन चुकते. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काही जण कन्सोल चालू ठेवून, म्हणजे चिपला वीज मिळत असतानाच, सेल बदलतात. हात सराईत असला तरी मी हे करायला सांगणार नाही. डाग देताना एक घसरण झाली तर सेव्हच काय, कार्ट्रिजही जाईल.

२. कार्ट्रिज उघडा. निन्टेन्डोच्या बऱ्याच जुन्या कार्ट्रिजांना ३.८ मिलिमीटरचा वेगळाच स्क्रू असतो. तो उघडणारा स्क्रूड्रायव्हरचा बिट विकत मिळतो. प्लॅस्टिक वितळवून घरगुती बिट करण्याच्या फंदात पडू नका.

३. सेल ओळखा. अंगावरचा क्रमांक वाचा. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी; सीआर१६१६ म्हणजे १६ आणि १.६. मल्टीमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दिसतो. २.५ च्या आसपास आलेला सेल बदलायला झालाच समजा. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये त्याच सेलवर घड्याळही चालते, त्यामुळे तो लवकर संपतो. ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतो आणि सेल फक्त घड्याळासाठी. तिथे सेल मेला तरी सेव्ह शाबूत राहतो.

४. नवा सेल पत्र्यांसकट घ्या. सेलवर थेट डाग द्यायचा नाही. लिथियमचा सेल तापला तर फुटू शकतो. दोन्ही बाजूंना धातूचे पत्रे आधीच जोडलेले सेल मिळतात, तेच घ्या.

५. जुना काढा, नवा बसवा. काढण्याआधी धन-ऋण दिसेल असा फोटो काढून ठेवा. मग पत्रा जिथे बोर्डाला जोडला आहे तिथे थोडे नवे सोल्डर लावा, सोल्डरिंग आयर्नचे टोक टेकवा आणि डाग वितळला की पत्रा अलगद उचला. इथे घाई नडते. डाग वितळायच्या आत ओढलात तर बोर्डावरचा तांब्याचा ठिपका उखडून येतो, आणि तो परत बसवणे सेल बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. नवा सेल फोटोप्रमाणेच लावा. टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.

६. तपासा. बोर्डावर व्होल्ट मोजा, कार्ट्रिज बंद करा आणि नवा खेळ सुरू करून सेव्ह करा. कन्सोल बंद करून कार्ट्रिज बाहेर काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सेव्ह दिसला तरच जुनी फाइल परत चढवा. झेल्डाच्या त्या गेमसोबत सूचना असायची, रीसेट दाबून धरा आणि मगच कन्सोल बंद करा. वीज जाता जाता भलतेच काही चिपमध्ये लिहिले जाऊ नये, हे त्यामागचे कारण. ती अजूनही पाळा.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या, टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. आणि कार्ट्रिज बंद करण्याआधी आतल्या झाकणावर सेल बदलल्याची तारीख लिहा.