म्हाताऱ्या मांजराला गोळी देताना या चुका टाळा

मांजर बारा-तेरा वर्षांचं झालं की किडनी, थायरॉइड, ब्लड प्रेशर यांपैकी काहीतरी मागे लागतं आणि रोजची गोळी सुरू होते. तोवर माणसांच्या सगळ्या युक्त्या त्याला पाठ झालेल्या असतात.

बहुतेक जण गोळी कुस्करून बशीभर जेवणात मिसळतात, आणि तिथेच पहिली गडबड होते. कडू वास त्याला लगेच कळतो. अर्धं खाऊन ते उठून जातं, मग औषध नेमकं किती पोटात गेलं कोण सांगणार? पुढे ते त्या खाण्यावरच फुली मारतं. म्हणून किडनीच्या खास फूडमध्ये गोळी कधीच लपवू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातही लठ्ठ असलं, तर लिव्हरवर चरबी साठून जिवावर बेतू शकतं. शिवाय काही गोळ्या कोटिंगच्या असतात, त्या मोडायच्याच नसतात. मोडण्याआधी डॉक्टरांना विचारा.

गूळ, मध, पेढा यांचाही उपयोग नाही. मांजराला गोड चव लागतच नाही.

त्यापेक्षा मीठमसाला न घालता उकडलेल्या माशाचे, काटे काढून, तीन छोटे घास करा. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकापुढे धरा. पुढचा घास दिसला की आधीचा चावत बसत नाही. कालवणातला तुकडा मात्र नको, कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. गोळी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची असेल तर दही-चीजही टाळा, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही.

घास जमलाच नाही तर हाताने भरवायचं. मानगूट धरू नका, या वयात सांधे दुखत असतात. टॉवेलात सैलसर गुंडाळा आणि मागून जवळ घ्या. वरच्या जबड्याला सुळ्यांच्या मागे अंगठा आणि मधलं बोट लावून नाक वर करा, खालचा जबडा आपोआप सैल पडतो. गोळी जिभेच्या मधोमध, अगदी मागे टाका. पुढे पडली तर जीभ ती बाहेर ढकलते, गालात अडकली तर तोंडाला फेस येतो. फेस बघून धास्तावू नका, तो कडूपणाचा असतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. गोळी गिळली, सुटलो म्हणून मांजराला सोडून देणं. कोरडी गोळी अन्ननलिकेत बराच वेळ चिकटून राहू शकते. डॉक्सीसायक्लिन आणि क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक्स तर तिथे भाजल्यासारखी जखम करतात, नंतर नळी आकसते आणि खाल्लेलं उलटून येतं. म्हणून प्रत्येक गोळीनंतर बिनसुईच्या सिरिंजने 5-6 मिली पाणी गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू द्या, किंवा चमचाभर ओलं खाणं द्या. घशात थेट पिचकारी मारू नका, ठसका लागेल. नाकाला तुपाचं बोट लावलं तर ते चाटताना चार घोट आणखी गिळतं.

एका बाजूने चावणं, लाळ, तोंडाला घाण वास हे नखरे नसून दातदुखी असू शकते. त्यावर घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळीही मांजराचा जीव घेते.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. थायरॉइडवरचं मिथिमाझोल हातमोजे घालून हाताळा, घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते काम घेऊच नये. आणि रोजच झटापट होत असेल तर त्याच औषधाचं सिरप मिळतं का, दिवसाला दोनऐवजी एकदा देऊन भागेल का, हे पुढच्या तपासणीला आवर्जून विचारा.