आर्त्वाची वंशावळ कशी मांडायची

मी आर्वीत तहसीलीसमोर बसून वारस फेरफारासाठी वंशावळी लिहून देतो. वर मूळ खातेदार, खाली लेकरं, गेलेल्यापुढे 'मयत' आणि साल. फ्रान्सच्या उत्तरेकडल्या आर्त्वा परगण्याचे काउंट, म्हणजे तिथले धनी, डोक्यात गोंधळ घालत असतील तर हीच रीत धरा.

कागद आडवा घ्या. माथ्यावर पहिला रॉबर्ट. त्याचा भाऊ नववा लुई राजा होता, त्यानं 1237 मध्ये हा परगणा त्याला दिला. मयत 1250, इजिप्तात मन्सूरा इथं. खाली दुसरा रॉबर्ट, मयत 1302, कूर्त्रेची लढाई. जन्मसाल मागून भरा. वारसा उघडतो तो मरणानं.

आता सांभाळून. दुसऱ्या रॉबर्टला मुलगी माहो, मुलगा फिलिप. फिलिप 1298 मध्ये बापाआधीच गेला. तो काउंट झाला नाही म्हणून पुष्कळजण त्याला गाळतात. गाळू नका. लाल पेनानं 'पूर्वमयत' लिहा आणि खाली त्याचा मुलगा, तिसरा रॉबर्ट, दाखवा.

आपल्याकडे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं पूर्वमयत मुलाचा मुलगा पहिल्या वर्गातला वारस. वावराच्या सातबाऱ्यावर आत्याच्या जोडीला भाच्याचंही नाव चढतं. आर्त्वाच्या रिवाजात मेलेल्या बापाची जागा पोराला मिळत नसे. नातवापेक्षा मुलगी जवळची, म्हणून परगणा माहोला. भाचा 1309 ला हरला, 1318 ला पुन्हा हरला. 1329 मध्ये माहो वारल्यावर त्यानं काढलेले कागद बनावट निघाले. ते बनवणाऱ्या झान द दिव्हियों या बाईला 1331 मध्ये जाळलं, 1332 मध्ये तो हद्दपार झाला आणि पुढे इंग्लंडच्या राजाला जाऊन मिळाला. खोट्या सहीचे स्टॅम्पपेपर मीही पाहिलेत बुवा, पण त्यापायी कोणी दुसऱ्या राजाकडे गेलेलं पाहिलं नाही!

खालचं भराभर होतं. माहोखाली मुलगी झान, मयत 1330. तिची मुलगी, तीही झान, मयत 1347. मग तिचा नातू फिलिप, मयत 1361. याचाही बाप पूर्वमयतच, पण आजीला दुसरं मूल उरलं नव्हतं, म्हणून तंटा नाही. नवऱ्यांची नावं कंसात, बाजूला. परगणा बायांचा होता.

हा फिलिप निपुत्रिक. अशा वेळी रेघ खाली ओढू नका, वर न्या: आजीची बहीण मार्गरीत, मयत 1382. तिचा मुलगा लुई, मयत 1384. त्याची मुलगी पुन्हा मार्गरीत, कंसात बर्गंडीचा ड्यूक फिलिप. इथून आर्त्वा बर्गंडीवाल्यांच्या मोठ्या खात्यात जातो, तेव्हा त्यांना वेगळा कागद लावा.