सर्च क्लस्टर: पोर्ट उघडा आहे, तरी नोड जोडत नाही

तीन मशीनवर इलास्टिकसर्च (डेटा साठवून त्यात झटपट शोध घेणारं सॉफ्टवेअर) बसवून झालंय, एकेकटं चालतंय आणि आता तिघांचा एक क्लस्टर, म्हणजे मिळून चालणारा एक गट करायचाय, असं धरून चालतो. लिनक्सची व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट ही मेमरीची मर्यादा किमान २६२१४४ करून ठेवा, नाहीतर नेटवर्कचा पत्ता दिल्याबरोबर नोड (एकेका मशीनवरचं इलास्टिकसर्च) सुरूच व्हायचा नाही.

पोर्ट दोनच. ९२०० वर तुमचं ॲप बोलतं, ९३०० वर नोड आपापसात बोलतात. दोन्ही आकडे कॉन्फिग फाइलीत स्वतः लिहा. नाही लिहिले तर नोड ९३०० ते ९४०० मधला पहिला मोकळा पोर्ट धरतो. रीस्टार्टच्या वेळी जुनी प्रोसेस लटकलेली असली की नवी गुपचूप ९३०१ वर जाऊन बसते, आणि फायरवॉलला त्याचा पत्ताच नसतो. आकडा ठरवून दिलेला असला तर नोड एरर देऊन पडतो. पडलेला बरा.

फायरवॉलमध्ये ९३०० फक्त या तीन मशीनना एकमेकांसाठी, ९२०० फक्त ॲपच्या सर्व्हरला. आमच्या इंदुरात प्रत्येक ऑफिसात एक जण असतोच, "भिया, पहले फायरवॉल बंद करके देखो" म्हणणारा. बघून झाल्यावर ती परत चालू कोणी करत नाही. २०२० च्या जुलैत इंटरनेटवर असेच उघडे पडलेले हजारो डेटाबेस कुणीतरी पुसून टाकले आणि जागोजागी 'म्याव' लिहून ठेवलं. त्यात इलास्टिकसर्चचे भरपूर होते.

मग नेटकॅटने (पोर्ट लागतो का ते बघायची छोटी कमांड) प्रत्येक मशीनवरून बाकीच्या दोघांचा ९३०० तपासा. तीन मशीन म्हणजे सहा वेळा. एका दिशेने लागला म्हणून उलट दिशेने लागेलच असं नाही.

इथवर सगळ्यांचं जमतं. पुढे मी अडकलो होतो.

सियागंजातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात माळ्यावर तीन मशीन लावली होती, मालाचा शोध जलद व्हावा म्हणून. सहाही तपासण्या पास. दोन नोड जोडले, तिसरा काही केल्या येईना. मी पोर्ट उघडत-झाकत बसलो. रात्री एकला सोबतच्या पोराने सराफ्याच्या खाऊगल्लीतून गराडू (तळलेला कंद) आणला, तोही थंड झाला. शेवटी लॉग नीट वाचला, जो आधीच वाचायला हवा होता. त्यात लिहिलं होतं की हँडशेक, म्हणजे नोडची पहिली ओळख, पूर्ण झाला, पण त्यानंतरचं कनेक्शन १७२.१७.०.१ ला लागलं नाही. हा पत्ता मी कुठेच दिला नव्हता!

झालं असं होतं. नोड तुम्ही दिलेल्या पत्त्यावर फक्त पहिली भेट घेतो. त्या भेटीत समोरचा नोड आपला जाहीर पत्ता सांगतो आणि खरं कनेक्शन त्या पत्त्यावर होतं. म्हणजे तुम्ही विचारत विचारत माणसापर्यंत पोचलात, त्याने हातात कार्ड ठेवलं, आणि कार्डावर जुन्या घराचा पत्ता. तिसऱ्या मशीनवर आधीच्या कामाचा डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) राहिला होता. मी कॉन्फिगमधल्या नेटवर्क.होस्टला ०.०.०.०, म्हणजे 'मशीनचे सगळे पत्ते', दिलेलं, म्हणून नोडने सगळ्या पत्त्यांतून एक स्वतःच निवडला, आणि निवडला तो डॉकरच्या आतल्या पुलाचा (त्याच मशीनच्या आत चालणाऱ्या नेटवर्कचा), तोच १७२.१७.०.१. बाकीच्या मशीनना तो दिसणार कसा?

म्हणून ०.०.०.० लिहूच नका, कुणी कितीही खात्रीने सांगो. नेटवर्क.होस्टला त्या मशीनचा खरा आयपी द्या, १९२.१६८.१.२३ असा काय असेल तो. नोड स्वतःच कंटेनरमध्ये चालत असेल, तर नेटवर्क.पब्लिश_होस्ट वेगळं लिहून त्यात बाहेरून दिसणारा पत्ता द्या. नेटकॅट ही चूक कधीच पकडणार नाही, कारण ते तुम्ही दिलेला पत्ता तपासतं, नोडने जाहीर केलेला नाही. माझी अख्खी रात्र त्यात गेली.

पुढचं सोपं. सीड होस्टच्या यादीत (नोडने पहिली भेट कुणाकुणाची घ्यायची ती) तिन्ही आयपी. इनिशियल मास्टर नोड्समध्ये (क्लस्टर पहिल्यांदा उभा करताना मुख्य नोड निवडणारे) नोडची नावं, कॉन्फिगमध्ये दिली आहेत अक्षरशः तीच, आणि क्लस्टर एकदा उभा राहिला की ती ओळ काढून टाका.

आता ९२०० वर नोड्सची यादी मागवा. तीन ओळी आल्या म्हणून लगेच उठू नका, आयपीचा रकाना बघा. तिथे १७२.१७ ने सुरू होणारं काही दिसलं तर त्या मशीनवर परत जा.

मशीनच्या मध्ये वेगळी फायरवॉल असेल तर तिचा आयडल टाइमआउटही (शांत कनेक्शन किती वेळाने तोडते तो) बघून घ्या. नोडमधली कनेक्शन दिवसेंदिवस उघडी राहतात आणि शांत कनेक्शनवर कीपअलाइव्ह, म्हणजे 'मी अजून आहे' असा छोटा निरोप, जायला ३०० सेकंदही लागू शकतात. फायरवॉल त्याआधीच तार तोडत असेल, तर पोर्ट कितीही बरोबर असोत, नोड अधूनमधून गळत राहणार.