दिवसाला दोन हजार वेळा : आवडत्या पार्कात नोकरी करताना

आठवीत असताना, २००५ च्या डिसेंबरात, आमची कराडची शाळा दोन एसटी ठरवून मुंबईच्या एस्सेलवर्ल्ड या मनोरंजन पार्कला गेली होती. रात्रभर प्रवास, उजाडता उजाडता बोरिवली, मग गोराईच्या खाडीतून बोट. समोर आकाशपाळणा दिसायला लागल्यावर बोटीत जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो. झिपर डिपर नावाच्या राइडच्या रांगेत मी तीनदा उभी राहिले. परत येताना सगळ्या मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या आणि मी खिडकीशी बसून ठरवत होते, की मोठेपणी अशाच ठिकाणी नोकरी करायची.

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं होतं, आता ते बंद आहे. तिथे काम करायचा योग आला नाही. पण २०१४ ते २०१८ अशी चार वर्षं मी महाराष्ट्रातल्याच एका पार्कात राइड ऑपरेशन्सला होते. नोकरी लागायच्या आधी तिकीट काढून तिथे जाऊन आले होते आणि त्या जागेवर माझा जीव जडला होता. अजूनही आहे. पार्कचं नाव घेत नाही, कारण मला सांगायचंय ते कामाबद्दल आहे. आता मी हॉस्पिटॅलिटी शिकवते. दर वर्षी दोन-चार विद्यार्थी येतातच, "मॅडम, मला पार्कात लागायचंय, राइड्स म्हणजे माझं वेड आहे." त्यांना समोर बसवून जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक हिशोब. आमच्या कोस्टरची (उंच चढ-उतारांच्या रुळांवर धावणारी राइड) गाडी २८ जणांची. दर अडीच मिनिटांनी एक गाडी सुटायची, म्हणजे तासाला २४ फेऱ्या. प्लॅटफॉर्मवर दोन्ही बाजूंना एकेक अटेंडंट, म्हणजे एकेकीच्या वाट्याला १४ सीट. पट्टा बघायचा, बार (मांडीवर येऊन माणसाला सीटमध्ये धरून ठेवणारा दांडा) खाली दाबायचा, मग वर ओढून बघायचा, सुटत नाही ना याची खात्री करायची, पुढची सीट. लोडिंगवर, म्हणजे माणसं बसवायच्या कामावर, सहा तास भरले की दोन हजारांच्या वर बार होतात. एका दिवसात. दुसऱ्या दिवशी परत तेवढेच.

राइडचं वेड या दोन हजारांत कुठे कामी येतं, हा खरा प्रश्न आहे. पहिले पंधरा दिवस सगळंच भारी वाटतं. महिन्याभराने हात आपोआप चालायला लागतात, आणि धोका तिथेच सुरू होतो. हात दाबतो, पण डोकं रात्रीच्या डब्यात काय आहे याचा विचार करत असतं. म्हणूनच मधेमधे जागा बदलतात : लोडिंगवरून उंची मोजायला, तिथून रांगेच्या तोंडाशी, मग उतरायच्या बाजूला. नवीन पोरांना हे रोटेशन म्हणजे उगाच पळापळ वाटते. तसं नाही. तासभर तेच ते बघितलं की डोळ्याला दिसेनासं होतं, हे तिथल्या जुन्या माणसांनी अनुभवाने ओळखलेलं असतं. माझ्या सीनियरने मला एक सवय लावली होती. प्रत्येक बार ओढताना त्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा बघायचं. त्याने दोन गोष्टी होतात. कोण घाबरलंय, कुणाला उतरायचंय पण मित्रांसमोर बोलवत नाही, हे कळतं. आणि ती सीट आपल्यासाठी सीट राहत नाही, माणूस होते. मला पार्क आवडत होता याचा उपयोग शेवटी इथे झाला. मुलाखतीत "मला राइड्स आवडतात" हे प्रत्येक जण म्हणतो. "एकच काम दिवसभर तितक्याच लक्षाने करायची माझी तयारी आहे" असं कुणी म्हटलं आणि पटवून दिलं, तर मी त्याला घेईन.

उंचीची पट्टी हा सगळ्यात अवघड पॉइंट. नवीन मुलांना वाटतं, हे सोपं काम. मे महिन्यातला रविवार असतो, सांगलीहून पहाटे तीनला निघालेलं कुटुंब तासभर रांगेत उभं असतं, आणि पोरगं दोन सेंटिमीटरने कमी भरतं. वडील म्हणतात, "अहो ताई, दोन सेंटिमीटरने काय होतंय?" आई म्हणते, "खालच्या गेटवर सोडलं की." मागची रांग ओरडायला लागते. पोरगं टाचा उचलून उभं असतं, आणि डोळे आपल्याकडे.

त्या दोन सेंटिमीटरने काय होतं ते आधी स्वतःला नीट समजलेलं असलं पाहिजे. बार आणि सीट एका ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी घडवलेली असते. मूल लहान असलं की बार बसतो खरा, पण मांडी आणि बार यांच्यात जागा राहते, आणि गाडी उताराला लागल्यावर सीटवरून उचललं गेलेलं शरीर त्या जागेतून सरकू शकतं. हे कळलं की मग "कंपनीचा नियम आहे" असं मान खाली घालून सांगावं लागत नाही. मी वडिलांशी वाद घालायचे नाही. खाली वाकून मुलाशी बोलायचे. "नाव काय तुझं? कितवीत आहेस? आज दोन बोटं कमी पडतायत, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाढशील, तेव्हा ये आणि मला ओळख दाखव." आणि वडिलांना काका म्हणून हाक मारायची. 'सर'ने जे होत नाही ते 'काका'ने होतं. दर वेळी होतंच असं नाही. मला शिव्याही पडल्या आहेत, एकदा अंगावर पाण्याची बाटली आली. पण त्या चार वर्षांत मी एकदाही कुणाला तसं सोडलं नाही, आणि याचं मला समाधान आहे.

दुसरी गोष्ट, आपल्याला दिसत नसलेली माणसं. पाहुणे येतात दहा-अकराला. टेक्निकलची, म्हणजे राइड तपासणारी आणि दुरुस्त करणारी, मंडळी अंधारात आलेली असतात. हातात टॉर्च घेऊन ट्रॅकच्या कडेच्या जिन्याने वर चढतात. प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढलेली असते, अर्धी नटवर, अर्धी लोखंडावर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. इतकी साधी खूण. मला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी बराच वेळ बघत राहिले होते. मग गाडीची चाकं. कोस्टरला तीन जातींची चाकं असतात : वर धावणारी, बाजूला धरणारी आणि रुळाच्या खालून पकडणारी. ही खालची चाकं जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ च्या सुमारास आणली, आणि त्यामुळेच गाडी रूळ सोडून वर उचलली जाऊ शकत नाही. मग रिकाम्या गाडीच्या फेऱ्या होतात, त्यानंतर रजिस्टरवर सही, आणि राइड आमच्या ताब्यात. त्या सहीशिवाय बटणाला हात लावायचा नाही. माझं सांगणं आहे, नोकरीच्या पहिल्या महिन्यात एक दिवस परवानगी काढून या मंडळींबरोबर पहाटे फिरा. त्यानंतर प्लॅटफॉर्मवर उभं राहणं वेगळं होतं.

तिसऱ्या वर्षी मी पॅनेलवर, म्हणजे राइड चालवायच्या बटणांपाशी, होते. गाडी चढावर होती, साखळी ओढत होती, खालून टक टक टक आवाज येत होता. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून जे दाते असतात त्यांचा तो आवाज. तेवढ्यात कॅमेऱ्यात दिसलं, एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कुंपण चढून ट्रॅकखाली उतरला. आधीच्या फेरीत उडालेली टोपी आणायला. जिथे तो उतरला तिथे गाडी डोक्याच्या उंचीवरून जाते. कोस्टरची गाडी माथा ओलांडून गेली की पुढच्या ब्रेकपर्यंत तिला कुणीही थांबवू शकत नाही, ती फक्त उताराने धावते. माथा यायला चार-पाच सेकंद होते. मी लाल बटण दाबलं. गाडी चढावर थांबली.

त्याला टोपी मिळाली. तो हसत कुंपणावरून परत आला आणि सिक्युरिटीच्या हाती लागला. वर अडकलेल्या २८ जणांना टेक्निकलच्या दोघांनी एकेक रांग मोकळी करून जिन्याने खाली आणलं. राइड पाऊण तास बंद राहिली. रांगेतले लोक मला म्हणत होते, पैसे परत द्या, तुम्हाला चालवता येत नाही तर कशाला बसता. कुणालाच काय घडलं ते माहीत नव्हतं आणि सांगायची सोय नव्हती. माझे हात थरथरत होते. टेक्निकलचे एक दादा पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि म्हणाले, "दाबलंस ते बरं केलंस. गाडी काय, परत चालू होते." तुम्ही पॅनेलवर बसाल तेव्हा हे वाक्य लक्षात असू द्या. बटण दाबल्याबद्दल जिथे वरचे लोक झापतात, तिथे राहू नका, मग तो पार्क कितीही लाडका असो.

आता शरीराचं. दिवसभर काँक्रीटवर उभं राहायचं असतं. माझ्या टाचा दुसऱ्या महिन्यात धरल्या, सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवत नव्हता. पहिल्या पगारातून बूट घ्या, मोबाइल नाही. जाड तळव्याचे, अर्धा नंबर मोठे, कारण दुपारनंतर पाय सुजतात. मोज्यांचा दुसरा जोड पिशवीत ठेवा. माइकवर मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असं दिवसभर बोलून घसा बसतो, तेव्हा गार पाणी टाळा. मुलींसाठी : पाळीच्या दिवसांत रोटेशनमध्ये बाथरूमजवळचा पॉइंट मागून घ्या. लीड पुरुष असला तरी सरळ सांगा, मी सांगायला लागल्यावर आमच्या टीममध्ये ती पद्धतच पडली. आणि मॅस्कॉटच्या, म्हणजे पार्कातल्या बाहुल्याच्या, पोशाखात काम मिळालं तर वेळ पाळा. आत भट्टी असते. सोबतच्या माणसाने वेळ झाली म्हटलं की पोरं कितीही बिलगलेली असली तरी आत जायचं.

सणवार विसरायचे. सगळ्या जगाची सुट्टी तो आपला कामाचा दिवस. उन्हाळा, दिवाळी, नाताळ ही गर्दी, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली, आणि साप्ताहिक सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी, जेव्हा आपल्या ओळखीचं कुणीच मोकळं नसतं. चार दिवाळ्या मी घरी नव्हते. तिसऱ्या वर्षी भाऊबीजेला माझा भाऊ कराडहून आला, तिकीट काढलं, पन्नास मिनिटं रांगेत उभा राहिला आणि प्लॅटफॉर्मच्या माझ्या बाजूला येणाऱ्या सीटवर बसला. मी त्याचा बार दाबला, वर ओढला, चेहऱ्याकडे बघितलं. बोलायला वेळ नव्हता. आईने दिलेला फराळाचा डबा त्याने गेटवर ठेवला होता.

पैशांचं स्पष्ट बोलते. २०१४ मध्ये माझ्या हातात महिन्याला साडेनऊ हजार यायचे. जॉइन होण्याआधी विचारा : मी कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या? पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) आहे का? रात्री पार्क बंद झाल्यावर बस कुठपर्यंत सोडते? ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने असतो, तो पगाराच्या पावतीवर दिसतो की "कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) देऊ" म्हणतात? हे विचारल्याने नोकरी जात नाही. पावसाळ्यात गर्दी कमी झाली की कंत्राटावरच्या मुलांना आधी घरी बसवतात, तेव्हा त्या चार महिन्यांची तजवीज मनात असू द्या. आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड असेल तर ऑपरेशन्सपेक्षा मेंटेनन्समध्ये जा, तिथलं कौशल्य कुठेही चालतं. अबू धाबीचं फेरारी वर्ल्ड, दुबईचं आयएमजी वर्ल्ड्स अशा ठिकाणी भारतीय मुलं बरीच आहेत. पण बाहेर जायचं तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते : आवडती जागा नावडती होते का? काहीतरी जातं हे खरं. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ चं. तिथे पुढच्या बाजूला रंगमंच म्हणतात आणि मागच्या बाजूला पडद्यामागची जागा. पुढे फ्लोरिडातलं मॅजिक किंग्डम १९७१ मध्ये उघडलं तेव्हा कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी खाली भुयारी रस्तेच बांधले होते, म्हणजे पार्कातल्या एका कल्पित दुनियेच्या पोशाखातला माणूस पाहुण्यांना दुसऱ्या दुनियेत भटकताना दिसू नये. एकदा त्या मागच्या बाजूने चालत गेलात की पुढची बाजू पहिल्यासारखी दिसत नाही. आमच्या झोनमध्ये तेच संगीत दर चाळीस मिनिटांनी परत सुरू व्हायचं, मला ते झोपेत ऐकू यायचं. पाहुणी म्हणून गेले तरी नजर आधी कचऱ्याच्या डब्याकडे जायची.

ते हलकं करायला मी दोन गोष्टी केल्या. सुट्टीच्या दिवशी त्या पार्कात पाऊल ठेवायचं नाही, हा नियम. आणि आपली एक राइड अशी ठेवायची, की जिथे कधी ड्यूटी मागायची नाही, तिची यंत्रणा बघायची नाही. माझी ती छोटी बोट राइड होती. चार वर्षांत मी तिच्या मागच्या दारातून एकदाही गेले नाही.

गेल्या वर्षी भाचीला घेऊन एका दुसऱ्याच पार्कात गेले होते. कोस्टरवर बसलो. भाचीने माझा हात घट्ट धरला होता. प्लॅटफॉर्मवर वीस-बावीस वर्षांची मुलगी होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले, बूट झिजलेले. ती आमच्या रांगेशी आली, पट्टा बघितला, बार दाबला, वर ओढला. आणि भाचीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "पहिल्यांदा का गं?" तिने विचारलं. भाचीने मान हलवली. मी डोळे मिटले आणि चढावर टक टक मोजायला लागले.