केमोनंतर गाठ खरंच थांबली का? उंदरांवरच्या प्रयोगात या चुका टाळा

सांगलीत फार्मसीच्या मुलांना प्रबंधाचा विषय विचारला की हळद येतेच. मार्केट यार्डातल्या पोत्यांच्या थप्प्या बघत मोठी झालेली मुलं ती. केमोच्या औषधाला हळदीच्या अर्काची जोड, असा विषय घेऊन येतात. मेहनत मनापासून करतात, पण गाठीचा वेग वाचताना घसरतात.

सगळ्यात महागात पडते ती घाई. मागे एक विद्यार्थिनी विचारत होती, "सर, चौदाव्या दिवशी गाठ निम्म्यावर आली. प्रयोग थांबवू?" थांबवू नका. खरं उत्तर त्यानंतरच्या दिवसांतच मिळतं. समजा, औषध न दिलेल्या गटात गाठ 12व्या दिवशी 500 घन मिलिमीटर झाली आणि औषध दिलेल्या गटात 22व्या दिवशी. म्हणजे 10 दिवसांचा उशीर. गाठ दर 3 दिवसांनी दुप्पट होत असेल, तर एवढ्या काळात ती सुमारे दहापट वाढली असती. याचा अर्थ दहातली एकच पेशी उरली, म्हणजे औषधाने साधारण 90 टक्के पेशी मारल्या. ऐकायला भारी वाटतं, पण एक ग्रॅम गाठीत अंदाजे 100 कोटी पेशी धरतात. त्यातल्या 10 कोटी अजून जिवंत आहेत! शिवाय हा हिशोब गाठ जुन्याच वेगाने परत वाढते असं धरून केलेला. ती जास्त वेगाने वाढली, तर मेलेल्या पेशींचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

"केमोनंतर गाठ चवताळली" असंही लगेच लिहू नका. लहान गाठ मुळातच मोठीपेक्षा लवकर दुप्पट होते, कारण मोठीच्या आतल्या भागाला रक्त पुरत नाही. त्यामुळे तुलना एकाच तारखेच्या गाठींची नको, सारख्या आकाराच्या गाठींची करा. आलेख लॉग स्केलवर (जिथे प्रत्येक दुप्पट वाढीला सारखंच अंतर मिळतं) काढा, म्हणजे वेगातला फरक डोळ्यांना दिसतो.

मोजमापात हात सांभाळा. लांबी 10, रुंदी 8 मिलिमीटर असेल तर गाठीचं आकारमान लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, म्हणजे 320 घन मिलिमीटर. व्हर्नियर (जाडी मोजायचं चिमट्यासारखं साधन) जरा सैल धरला, रुंदी 9 वाचली, की तेच 405. एका मिलिमीटरने गाठ सव्वापट! केस काढा, दरवेळी एकाच माणसाने मोजा, आणि कुठला पिंजरा कोणत्या गटाचा हे त्याला कळू देऊ नका.

कंट्रोल गटाची, म्हणजे औषध न दिलेल्या गटाची, सरासरी अचानक खाली आली, तर आनंद मानण्याआधी उंदीर मोजा. मोठ्या गाठीचे उंदीर नियमानुसार प्रयोगातून काढले असतील, तर मागे लहान गाठीवालेच उरतात.

आणि वजन. 25 ग्रॅमच्या उंदरात 2 ग्रॅमची गाठ असेल, तर त्याचं स्वतःचं वजन 23 ग्रॅमच. ही वजाबाकी न केल्यामुळे खंगत चाललेला उंदीर वहीत ठणठणीत दिसतो. अन्न सुटलेल्या उंदराची गाठही मंदावते आणि श्रेय औषधाला जातं. कुठवर थांबायचं ते नैतिकता समितीच्या अर्जातच लिहिलेलं असतं. ती रेषा आली की तो मुका जीव त्याच दिवशी वेदना न देता मरण देऊन सोडवा, शेवटच्या मोजणीसाठी सोमवारपर्यंत ताटकळत ठेवू नका.