'डाउट' आणि 'सस्पेक्ट'

नोकरीचा दुसरा महिना. परदेशातल्या ग्राहकाला मी इमेल धाडली, 'आय डाउट द फाइल इज करप्ट.' मला म्हणायचं होतं, फाइल खराब असावी अशी शंका येतेय. त्याने वाचलं ते बरोब्बर उलटं: फाइल खराब असेल असं काही वाटत नाही. तीच फाइल वापरून त्याचं दोन दिवसांचं काम वाया गेलं. तिथे हवा होता 'सस्पेक्ट'.

आपल्या 'शंके'त दोन्ही मावतं, आणि माझ्या शब्दकोशात दोन्हींपुढे 'संशय घेणे' एवढंच. मग चूक दिसणार कशी? मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी असे खड्डे जागोजाग आहेत. झाडाखाली बसतो ती 'शेड', आपल्यामागून चालते ती 'शॅडो'. आपल्याला दोन्ही सावलीच.

अर्थ पाठ करणं मी सोडलं ते एका अमराठी मित्रामुळे. तो म्हणाला, 'नवा शर्ट नेसलोय.' मी हसलो, पण साडी नेसायची, शर्ट घालायचा, चष्मा लावायचा हे मला कुणी शिकवलं होतं? त्या जोड्याच कानावर पडत आल्या. तेव्हापासून वहीत सुटा शब्द लिहीत नाही, सोबत्यासकट लिहितो. मुसळधार पाऊस 'हेवी रेन', सोसाट्याचा वारा 'स्ट्राँग विंड', कडक चहा मात्र 'स्ट्राँग टी'.

यासाठी ऑक्सफर्डचा 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' कोश घ्या. तो मुळात ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांसोबत केला, १९४२मध्ये टोकियोत छापला गेला. परक्यांसाठीच केलेला असल्याने शब्द वाक्यात कसा बसतो ते दाखवतो. रॉजेटचा १८५२पासून चालत आलेला थिसॉरस सुरुवातीला नको. तो समानार्थी शब्द रांगेत उभे करतो, फरक तुम्ही ओळखायचा.

काही जोड्यांत अर्थ एकच, नूर वेगळा. 'बिगिन' घरचा, 'कमेन्स' फ्रेंचमधून आलेला. 'जेवायला आरंभ करा' कुणी म्हणतं का? तसंच ते.

वर्गातलं 'आय हॅव अ डाउट' भारतात खपतं. बाहेरच्यांना लिहिताना 'क्वेश्चन' म्हणा. आणि 'डाउट' लिहिलाच, तर पुढचं वाक्य 'असं मला वाटत नाही' लावून वाचून पाहा, मगच सेंड दाबा. मी अजूनही दाबण्याआधी वाचतो.