ऑर्थोला (हाडांच्या विभागात) नुकतेच लागलात? आधी पॉवेल्सचा घोळ निस्तरा

मिरजेत रेसिडेन्सी करताना मला ड्युटीपेक्षा जास्त छळलं ते नावांनी. फिमर (मांडीचं हाड) एकच, पण त्याच्या फ्रॅक्चरच्या प्रकारांवर गार्डन, पॉवेल्स, पिपकिन, होफा अशी डॉक्टरांची नावं ठाण मांडून बसलीत. घाबरू नका, काळाच्या क्रमाने लावली की बसतात.

इंग्लिश सर्जन ॲस्टली कूपरने 1822 मध्ये नेकचं (फिमरच्या वरच्या गोळ्याखालच्या मानेचं) फ्रॅक्चर कॅप्सूलच्या (सांध्याभोवतीच्या आवरणाच्या) आत की बाहेर, हा भेद केला. एक्स-रे निघायला तेव्हा 73 वर्षं होती! आतलं जुळत नाही कारण हेडचा (त्या गोळ्याचा) रक्तपुरवठा तुटतो, हेही त्याने ओळखलं. गार्डनचे चार टप्पे 1961 चे, हाड किती सरकलं त्यावर. एवढं पुरे.

पॉवेल्सपाशी मात्र थांबा. त्याच्या 1935 च्या मूळ मांडणीत नेकच्या फ्रॅक्चरच्या रेषेचा आडव्या रेषेशी कोन 30 अंशांपर्यंत असेल तर पहिला गट, 30 ते 50 दुसरा, 50 च्या वर तिसरा. सीनियर्सच्या झेरॉक्स नोट्समध्ये असतं 30, 50, 70, म्हणजे तिसरा गट थेट 70 पासून. माझ्याही होत्या. उसाच्या सीझनमध्ये ट्रॉलीला धडकलेला बाइकवाला पोरगा येतो. फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावायची, पेन्सिलने रेघ मारायची, गोनिओमीटर (कोनमापक) ठेवायचा: 60. नोट्सप्रमाणे दुसरा गट, मुळाप्रमाणे तिसरा. आणि हा प्रश्न नुसता मार्कांचा नाही. रेषा जितकी उभी तितका दाब कमी आणि शिअर (तुकडे एकमेकांवरून सरकवणारा जोर) जास्त. तुकडे घसरतात, जुळत नाहीत, इम्प्लांट निवडताना हेच बघायचं असतं. 2001 मध्ये प्रागच्या बार्तोनिचेकने मूळ मजकूर काढून ही चूक दाखवली, तरी नोट्स तशाच फिरतायत. शिवाय पाय बाहेर वळलेला असताना काढलेल्या फिल्मवर कोन मोजूच नका. ट्रॅक्शन देऊन, पाय आत वळवून पुन्हा काढा.

निमॉनिकला (लक्षात ठेवायच्या क्लृप्त्यांना) माझा विरोध नाही, रात्री दोनला तेच तारतात. पण ‘हा आकडा कुठून आला?’ विचारल्यावर खेकसणारा सीनियर असेल, तर नोट्स त्याच्या घ्या आणि शंका दुसऱ्याला विचारा.

होफाचं (फिमरच्या गुडघ्याकडच्या टोकाच्या फ्रॅक्चरचं) सोपं आहे. नाव 1904 च्या होफाचं, वर्णन 1869 मध्ये बुशने आधीच केलेलं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) बुश म्हणालात तर परीक्षक खूश होतात. कॅज्युअल्टीत मात्र कुणाचंही नाव घ्या, पण गुडघा सुजलाय आणि एपी (समोरून काढलेली) फिल्म साफ दिसतेय म्हणून पेशंटला घरी धाडू नका. कॉन्डाइलची (गुडघ्यातल्या फिमरच्या गोल टोकाची) ही उभी चीर समोरून लपते. लॅटरल (बाजूने काढलेली) फिल्म नीट बघा, शंका आली की सीटी मागा.